धुक्यातला क

बाळांनो, जरा डोळे मिटा पाहू. तुम्ही होडीत बसला आहात. भोवती इतकं दाट धुकं पडलं आहे, की हात पुढे केला तर आपलीच बोटं दिसत नाहीत. किनारा कुठे, घर कुठे, काही उमगत नाही. कसा जीव घाबरेल! आता ऐका.

उत्तर कोकणात खडकबंदर नावाचं ख्रिस्ती कोळ्यांचं गाव होतं. तिथे सिस्टर बेनिता राहत असत. तरुणपणी व्रत घेऊन त्या इथे आल्या आणि पोरांना शिकवता शिकवता तिथेच म्हाताऱ्या झाल्या. चर्चच्या पडवीत त्यांची शाळा भरे.

त्या शाळेत रेमेत नावाची एक पोरकी मुलगी होती. तिला सांभाळणारा काका बस्त्याव हा तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य. रेमेत बोलताना अडखळे. बाराखडी म्हणायला उभी राहिली की पहिल्याच अक्षरावर अडके, आणि आवाज इतका बारीक, की सिस्टरांना खाली वाकून कान द्यावा लागे. पण त्या कधी घाई करत नसत. ‘का’ येईपर्यंत हसतमुखानं थांबत.

एकदा बस्त्याव जाळं खांद्यावर टाकून पडवीपाशी आला. बरोबर चार गडी होते.

“काय सिस्टर, वर्ष सरलं की! पोरगी अजून क-क-कच करते? त्यापेक्षा माझी कोंबडी बरी, ती अंडं तरी देते!”

गडी खो खो हसले. रेमेतनं मान खाली घातली.

“पुरे झाली शाळा,” बस्त्याव म्हणाला. “सोमवारपासून ही बोंबील वाळवायला जाईल.”

सिस्टर शांतपणे म्हणाल्या, “तांडेल, हा आवाज देवानं दिलाय. तो कशासाठी दिलाय, ते तुम्हालाही ठाऊक नाही आणि मलाही नाही. इतक्यात टाकून देऊ नका.”

“बघू, बघू!” म्हणत तो निघून गेला.

त्याच शनिवारी बस्त्याव आपल्या दोन्ही मुलांना घेऊन समुद्रात गेला. परतताना धुकं उतरलं. बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली खडक होते. वाट चुकली की होडी फुटलीच म्हणून समजा. गावानं चर्चची घंटा वाजवली, पण तिचा नाद डोंगरावर आपटून चहूकडून येऊ लागला.

“बा, घंटा पुढं वाजते!” थोरला ओरडला.

“नाय रे, मागं!” धाकटा रडवेला झाला.

मग शाळेतली सगळी पोरं एका सुरात ओरडू लागली. तोही नुसता कल्लोळ. इतक्यात बुडाखाली खडक करकरला. बस्त्यावच्या हातातलं सुकाणू थरथरलं. त्यानं क्रूसाची खूण केली. “सायबा, माझी पोरं वाचव!”

एकाएकी सगळे आवाज थांबले. आणि त्या शांततेत, अगदी होडीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर बसून कुणी म्हणावं तसं, ऐकू आलं,

“क... क... क...”

बस्त्यावनं कान टवकारले. तो आवाज त्याच्या घरातला होता! त्यानं सुकाणू वळवलं. ‘क’ उजवीकडे गेला की तोही उजवीकडे. ‘क’ समोर आला की सरळ. आणि बघा, होडी वाळूला लागली!

किनाऱ्यावर सिस्टर ओल्या वाळूत गुडघे टेकून बसल्या होत्या. शेजारी रेमेत उभी होती.

एक बाई म्हणाली, “सिस्टरांनी सगळ्यांना गप्प केलं नि हिला एकटीला म्हणायला लावलं. आम्ही इथं उभ्या, आम्हाला धड ऐकू येईना. नि वारा तर समुद्रावरून उलटा! तुम्हाला ऐकू आलं कसं?”

“माझ्या कानाशी बसून म्हणत होती,” बस्त्याव पुटपुटला.

त्यानं टोपी काढली आणि सिस्टरांच्या पायांवर डोकं ठेवलं. सिस्टरांनी पाय मागे घेतले. “मला नको. मी देवाला एवढंच म्हटलं, हिचा आवाज लहान आहे, तूच पोचव.”

तेव्हा तो दांडगा तांडेल त्या एवढ्याशा पोरीपुढे गुडघ्यांवर बसला. हात जोडून, मान लववून म्हणाला, “चुकलो गो पोरी. तू शाळा सोडायची नाय.”

रेमेतचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ती त्याच्या खांद्यावरून धुक्यात बघत होती.

“दु... दु... दुमिंगआजोबा?” तिनं विचारलं.

सगळे चपापले. म्हाताऱ्या दुमिंगची होडी अजून आलीच नव्हती.

रेमेत दोन पावलं पाण्यात गेली, समुद्राकडे तोंड केलं आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागली.