चाळीस गुंड्या

लंडनच्या दरबारात अशी रीत होती की बड्या माणसानं चित्रकारासमोर बसायचं ते फक्त चेहऱ्यापुरतं. हात दुसऱ्या कुणाचे तरी पाहून रंगवायचे. लॉर्ड थॉर्नबींच्या चित्रासाठी चित्रकार योरिसनं त्यांच्याच सेवकाला, ॲम्ब्रोजला, बसवलं.

भर दरबारात चित्रावरचा पडदा सरला आणि ॲम्ब्रोज पाहतच राहिला. रोज बूट पुसणारे ते हात लेसच्या बाह्यांतून निघून तलवारीवर असे विसावले होते, की एखाद्या राजाला शोभावेत. ते आपलेच, यावर त्याचा विश्वास बसेना.

तेवढ्यात कुणीतरी लॉर्डसाहेबांच्या कानाला लागलं. ते कडाडले, "माझ्या चित्रात नोकराचे हात? आत्ताच्या आत्ता पुसून टाक, नाहीतर चित्र जाळून टाकीन."

योरिस अदबीनं म्हणाला, "पुसतो, सरकार. उद्या हाच पोशाख स्वतःच्या हातांनी चढवून या. ते हात मी आनंदानं काढीन."

लॉर्डसाहेबांनी अंगातल्या कोटाच्या चाळीस गुंड्यांकडे पाहिलं. वरची एक सुटली होती. ती लावताना त्यांची बोटं घसरली, पुन्हा घसरली. शेवटी सवयीनं त्यांनी हनुवटी वर केली, आणि चित्रातल्या त्याच हातांनी पुढे होऊन ती गुंडी अलगद लावली.