घाण्याचा बैल आणि महाराजांची नाल

"आजपासून माझ्या राज्यात कुणीही वजन उचलायचं नाही!" गजकेतू महाराजांनी पालथं पडूनच हुकूम सोडला.

पालथं पडून, कारण उताणं पडायची सोय उरली नव्हती. आखाड्यातली नाल, म्हणजे मूठ कोरलेला भला थोरला दगड, महाराज सकाळी उचलायला गेले होते. नाल तसूभर हलली नाही, कंबर मात्र लचकली. आता राजाला जे जमत नाही ते प्रजेला जमावं, हा केवढा उद्धटपणा! नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगण राजाचं असलं की सगळ्या राज्याने वाकडं चालायचं.

नाल, मुद्गल, सगळं वखारीत कुलूपबंद झालं. आणि नेमका शेजारच्या राजाचा निरोप आला. "दसऱ्याला मुष्टियुद्ध! आमचा भैरप्पा येतोय. त्याच्या तोडीच्या वजनाचा गडी उभा करा, नाहीतर सीमेवरचं कुरण सोडा!"

राज्यात मुष्टियुद्ध खेळणारा एकच, केरू तेली. हात विजेसारखा, पण अंग म्हणजे बांबूला गुंडाळलेलं धोतर.

दरबारचे दादबा वस्ताद मिशा पिळत म्हणाले, "वजन उचलल्याशिवाय वजन वाढत नाही, महाराज. अशक्य!" वस्तादांनी स्वतः शेवटचं काय उचललं होतं, तर पंगतीतलं श्रीखंडाचं पातेलं.

"अशक्य? मग ते केरूनेच करायचं!" महाराज गरजले. "भैरप्पाच्या तोडीचं व्हायचं आणि काही उचलायचंही नाही. हुकूम मोडला, तर घाणा जप्त आणि बहीणभाऊ हद्दपार!"

दरबारात बोलावून आणलेल्या केरूच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच्यासोबत आलेली थोरली बहीण भिवरा मात्र महाराजांकडे बघतच राहिली. बाप गेल्यापासून घाणा तीच चालवत होती. तो गेला तर दोघांनी खायचं काय? पण असल्या शहाण्यांपुढे रडायचं, याची तिला त्याहून जास्त लाज वाटली.

"म्हाराज, आमचा घाण्याचा बैल बघितलाय का?"

"बैलाचं काय मधेच?"

"त्यानं जल्मात कधी वजन उचललं न्हाई. तरी तुमचे धा वस्ताद त्याला जागचा हलवू शकायचे न्हाईत!"

दरबार फिस्सकन हसला. वस्तादांच्या मिशीचा पीळ सुटला.

घरी येताच भिवराने बैल सोडला आणि जू केरूच्या खांद्यावर ठेवलं.

"आक्के, मी माणूस हाय!" केरू कळवळला.

"दसऱ्यापातूर बैल हो, मग जल्मभर माणूस ऱ्हा. ओढ!"

केरू घाणा ओढू लागला. घाण्यावरून सुटला की जोर आणि बैठका. मग नदीत, गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून ठोसे मारायचे. पाणी कुणाला सोडतं का? एकेका ठोशाला खांदे भरून यायचे. बाहेर आला की बाजरीची भाकरी, लोणी, दूध, केळी आणि वर तिळाची पेंड गुळात कालवून. खाल्लं की घोरायचं. पोट रिकामं राहिलं की भिवराचा तोंडाचा पट्टा सुरू.

वस्तादांना चैन कुठली! ते पहाऱ्यालाच येऊन बसले. "याने तांब्यासुद्धा उचलायचा नाही! घास उचलला तरी हुकूम मोडला!"

"बरं!" भिवरा म्हणाली आणि भावाला भरवू लागली. "मी उचलते. तुमचा हुकूम ह्याच्या हाताला, माझ्या न्हाई!" वस्ताद उपाशी बसून बघत राहिले.

दसरा उजाडला. वखारीपुढच्या मैदानात तराजू लागला; एकीकडे भैरप्पा बसला, दुसरीकडे केरू. पारडी डुलली, डुलली आणि बरोबरीत थांबली. लोकांनी टोप्या उडवल्या.

लढत सुरू झाली. भैरप्पाचा ठोसा जड होता, पण छाती लवकरच भात्यासारखी चालू लागली. केरूला कसली धाप? दिवसभर घाण्याभोवती फिरलेला गडी! त्याने भैरप्पाला गोल गोल फिरवला आणि हनुवटीखाली असा एक ठोसा दिला की भैरप्पा मातीतच बसला. महाराज आनंदाने सिंहासनावरून ताडकन उठले.

"हुकूम मोडला!" दादबा ओरडले. "मी डोळ्यांनी पाहिलंय! जोर काढताना हा स्वतःचंच वजन उचलत होता!"

महाराज थबकले. कुरण तर वाचलं होतं, पण हट्ट कुठे जातो? "हुकूम म्हणजे हुकूम! विजय आमचा, शिक्षा तुमची. घाणा जप्त!"

भिवराने कंबरेला पदर खोचला.

"म्हाराज, ठोसा बसला तवा आपण उठलात का न्हाई?"

"उठलो! का उठू नये?"

"कुणी हात दिला?"

"आम्हाला कोण हात देणार? आमचे आम्ही उठलो!"

"मग वस्तादांच्या न्यायानं आपणबी सवताचं वजन उचललं! आन् ह्या राज्यात त्याच्याएवढं जड दुसरं काय हाय? ती नाल निम्मीबी भरायची न्हाई! तवा हुकूम मोडला आसंल, तर पयले हद्दपार आपण. न्हाईतर केरूबी न्हाई!"

महाराजांनी आपल्या पोटाकडे पाहिलं, मग नाल कोंडलेल्या वखारीकडे.

"म्हणजे... आम्ही नालेच्या दुप्पट वजन उचललं?"

"रोज उचलता! जेवल्यावर तर तिप्पट!"

महाराज हसत सुटले. हसता हसता कंबर धरली, तरी हसू थांबेना. "हुकूम रद्द! पोरी, दोन बैल तुझे. आणखी काय हवं ते माग!"

"ती नाल द्या. घाण्याच्या दांडीवर ओझं म्हणून ठेवीन, तेल जादा निघंल."

"दिली! पण ती घरी पोचवणार कोण?"

भिवराने वस्तादांकडे नुसतं पाहिलं. महाराजांना पुन्हा हसू फुटलं.

"दादबा, वजन उचलल्याशिवाय वजन वाढत नाही म्हणता ना? उचला!"