रखमाजीची चाळणी

ही गोष्ट आहे खाणीतली माती गाढवाच्या पाठीवरून घरी येत असे, त्या काळातली. रखमाजी कुंभाराचं गाढव म्हातारं होतं. त्याला जड ओझं झेपत नसे. म्हणून रखमाजी खाणीवरच ढेकळं फोडी, माती चाळी, खडे तिथेच टाकी आणि नुसती माती गोणीत भरी.

पुढे त्याने एक धिप्पाड खेचर विकत घेतलं. त्या दिवसापासून चाळणी खुंटीला लागली. खडे, मुळ्या, ढेकळं, जे हाताला लागेल ते गोणीत जाऊ लागलं.

"अहो, एवढे दगड कशाला आणलेत?" बायकोने विचारलं.

"घरी निवडू सावकाश. पाठ काय आपली आहे?" रखमाजी हसला.

अंगणात खड्यांचा ढीग वाढत गेला. मडकी मात्र पूर्वीइतकीच होत होती.

एका संध्याकाळी खेचर दारातच गुडघ्यांवर कोसळलं. त्याची पाठ सोलवटली होती. म्हातारं गाढव त्याच्याजवळ आलं.

"मला जन्मभर वाटायचं, धन्याची माझ्यावर माया आहे, म्हणून तो माती चाळतो," ते म्हणालं. "तुला बघून कळलं. त्याला फक्त मी वाटेत बसेन याची भीती होती."

"मग माझं काय चुकलं?" खेचराने विचारलं.

"तू बसला नाहीस."

तेवढ्यात रखमाजी खड्यांच्या ढिगावर ऐसपैस टेकला आणि बायकोला म्हणाला, "ह्या खेचरात काही दम नाही गं. आता घोडाच बघतो."