महाराजांनी आगीला दर्शन दिलं

“रानातलं एक पान उचलाल तर हात कलम! आणि रान पेटलं तर अख्खी वाडी उठवीन!”

महाराजांची ही दवंडी पिटून माणूस निघून गेला आणि करवंदवाडीचे लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. पावसानं दडी मारल्याचं हे तिसरं वर्ष. झरे आटलेले, रानात सागाची पानं गुडघाभर साचलेली, नुसती चिलमीतली ठिणगी पडायचा अवकाश! दरवर्षी माघ सरला की वाडीची माणसं रानाभोवती चाळीस हात रुंद पट्टा झाडून लख्ख करायची. बाहेरून वणवा आला, तरी त्या उघड्या मातीवर त्याला खायला काही मिळायचं नाही, आणि तो तिथंच विझायचा. पण यंदा कुणी परदेशी पाहुणा कीर्तिधर महाराजांना म्हणाला, “वा! ही वाळलेली पानं म्हणजे सोन्याच्या पायघड्याच!” झालं! महाराजांनी पायघड्यांना हात लावायची बंदी केली. पाहुणा गेला आपल्या गावी, आणि पायघड्या राहिल्या वाडीच्या उशाशी.

“आता गं कसं करायचं, भिवरे?” म्हातारे सोमातात्या रडकुंडीला आले. “झाडावं तर हात जातो, न झाडावं तर घर जातं.”

भिवरी खराटे बांधायची. तिचे खराटे थेट राजवाड्यात जायचे, त्यामुळे तिथं कसली कसली थेरं चालतात ते तिला चांगलं ठाऊक होतं.

“हातही ठेवू आणि घरही ठेवू, तात्या,” ती म्हणाली. “आधी मला खराटे पोचवून येऊ द्या.”

ती पोचली तेव्हा दरबारात प्रधानजी वणव्याचा बंदोबस्त वाचून दाखवत होते. “महाराज, झाडांना तांब्याच्या चारशे पाट्या टांगल्या आहेत. प्रत्येकीवर ठळक अक्षरांत कोरलंय, ‘अग्नीस सक्त ताकीद! विनापरवाना आत येऊ नये!’”

“शाब्बास!” महाराज म्हणाले. बंदोबस्त अगदी चोख होता. फक्त आगीला कळायचा तेवढा बाकी होता.

दारात भारा घेऊन उभी असलेली भिवरी खुदकन हसली.

“कोण हसलं?” महाराज गरजले.

“मी, महाराज. पाट्या झकास आहेत हो! पण आगीला कुठं वाचता येतं?”

“अगं ए आगाऊ!” प्रधानजी ओरडले. “मग काय आगीला शाळेत घालायचं?”

“शाळा कशाला, प्रधानजी? आमचं वासरूसुद्धा माणसाला तोंडावरून ओळखतं. महाराजांनी पालखीतून रानाच्या कडेकडेनं एक फेरी मारली, तर साऱ्या मुलखाला कळेल की रान कुणाचं आहे!”

महाराजांचा हात मिशीवर गेला. आपल्या तोंडाबद्दल त्यांचं मत मुळातच फार चांगलं होतं. “ठरलं! उद्याच निघू!”

“पण एक अडचण आहे,” भिवरीनं अगदी गरीब चेहरा केला. “तिथं पानं पडलीत. महाराजांची पालखी कचऱ्यातूनच जाणार ना?”

“कचऱ्यातून?” प्रधानजी ताडकन उठले. “थोरल्या महाराजांपासूनचा रिवाज आहे! पालखीच्या वाटेवर चाळीस हात रुंदीत पान दिसता कामा नये! भोयांच्या पायाखाली पान करकरलं तर महाराजांच्या डुलकीत व्यत्यय येतो!”

“पण पानांना हात लावायची बंदी आहे ना, प्रधानजी?”

“रिवाजापुढं कसली बंदी?” महाराज खेकसले. “झाडून घ्या सगळं!”

“जशी आज्ञा!” भिवरी म्हणाली, आणि खराट्यांचा भारा तिनं तिथंच प्रधानजींच्या पुढ्यात सोडला.

राजवाड्याचे झाडूवाले पुढं, अख्खी वाडी त्यांच्या मागं, आणि सगळ्यांच्या मागून डुलत डुलत पालखी! तीन दिवस फेरी चालली. महाराजांनी ऊन खाल्लं, धूळ खाल्ली, प्रधानजींची स्तुती खाल्ली. फेरी पुरी झाली तेव्हा रानाभोवती चाळीस हात उघडी माती होती आणि पालापाचोळा वाडीच्या खतखड्ड्यात कुजायला पडला होता.

आठव्या दिवशी पलीकडच्या डोंगरावरून वणवा आला. वाऱ्यानं उडालेल्या ठिणग्या वाडीच्या लोकांनी ओल्या डहाळ्यांनी झोडपून विझवल्या. बाकीची आग झाडलेल्या वाटेपाशी आली, तिथं काहीच नाही म्हटल्यावर थोडी धुमसली आणि विझली.

महाराज धावत पाहायला आले. वाटेच्या अलीकडे रान उभं, पलीकडे नुसती राख.

“पाहिलंत, महाराज?” प्रधानजी म्हणाले. “आपलं मुखकमल बघून आगीची पाचावर धारण बसली!”

महाराज हट्टी होते, पण आंधळे नव्हते. त्यांनी वाटेकडे पाहिलं, मग भिवरीच्या हातातल्या खराट्याकडे.

“खरं सांग गं! आग माझ्या तोंडाला भ्याली की तुझ्या खराट्याला? खोटं बोललीस तर वाडी उठवीन. आणि माझा अपमान केलास तरी वाडी उठवीन!”

सोमातात्यांनी डोळे मिटून घेतले. पण भिवरी हात जोडून म्हणाली,

“मी कोण सांगणार, महाराज? आपण आगीलाच विचारू! पुढच्या वर्षी कुणी खराटा उचलायचा नाही. पानं गुडघाभर साचू द्यायची. वणवा आला की तुम्ही एकट्यानंच त्याच्या समोर तोंड दाखवत उभं राहायचं. थांबला, तर तुमचं तोंड. नाही थांबला, तर माझा खराटा!”

महाराजांनी समोरच्या जळक्या खोडाकडे पाहिलं. त्यांचा हात नकळत मिशीवर गेला, आणि मिशी अजून जागेवर आहे याची खात्री झाल्यावर ते खो खो हसत सुटले!

“नको गं बाई! खराटाच बरा! आजपासून हे रान तुमच्या वाडीनं राखायचं, झाडायचं, आणि इथला मोह, मध, डिंक सगळा वाडीचा! प्रधानजी, त्या पाट्या उतरवा, वितळवा आणि वाडीच्या घराघरात पाण्याचे हंडे द्या!”

“हंडे? पण महाराज, त्या पाट्यांवर आपला हुकूम कोरलाय!”

“म्हणूनच वितळवा! आणि हो, दरवर्षी माघ सरला की इथं पहिला खराटा तुम्ही मारायचा. रिवाज समजा!”

भिवरीनं वाडीच्या खराट्यांतला त्यातल्या त्यात हलका खराटा निवडला आणि दोन्ही हातांनी, मोठ्या अदबीनं प्रधानजींपुढे धरला.