काजळ्याच्या गळ्यातली घंटा

मेंढरं बोलत होती, त्या काळची गोष्ट. धनगराने त्या सकाळी म्होरक्याची घंटा काजळ्या नावाच्या तरण्या मेंढ्याच्या गळ्यात बांधली आणि कळप चरायला सोडला. कळपाचा रिवाजच असा, की घंटा वाजेल तिकडे सगळ्यांनी मुकाट जायचं.

बाभळीपाशी वाटेला फाटा फुटला आणि नेमकं तिथेच दाट धुकं उतरलं. कुठली वाट धरायची, काजळ्याला ठाऊक नव्हतं. पण थांबलं तर घंटाही थांबणार, आणि पहिल्याच दिवशी सगळे हसणार! म्हणून तो मान झटकून घंटा आणखी जोरात वाजवत निघाला. भीती वाढेल तसा पाय उचलू लागला. मागून सगळा कळप येतच होता.

एकाएकी त्याच्या पायाखालचा दगड निसटला आणि बऱ्याच वेळाने खाली खोल कुठेतरी आदळला. समोर कडा होता! घंटा गप्प झाली. कळप जागीच थबकला.

"मी वाट चुकलोय," काजळ्या कसाबसा म्हणाला. "कुणाला ठाऊक आहे का?"

"बाभळीपाशीच चुकलास, लेकरा," मागून लंगडत आलेली म्हातारी मेंढी म्हणाली.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस, आजी?"

"तू इतक्या ठसक्यात घंटा वाजवत होतास, की मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."