वीणेची चौथी खुंटी

एका राज्यात बांधलेले काही बांधलेले राहीना. मारलेली गाठ आपोआप सुटे, ताणलेला दोर ढिला पडे, धनुष्याची दोरी गांडुळासारखी लोंबे.

त्याचे कारण असे. राणी मृगावती वीणा वाजवी. ती वारली त्याच दिवशी वीणेची तार पिळून ताणायची लाकडी खुंटी उभी चिरली. राजा हेमशेखराने ती खुंटी सोन्याच्या डबीत ठेवली आणि वीणेच्या खोलीला कुलूप घातले. सहा वर्षांनी राणीचा वीणेचा गुरू, एक वृद्ध मांत्रिक, दारी आला. वीणा कोणीतरी वाजवावी, एवढेच त्याचे मागणे. राजाने त्याला वाटेला लावले. जाता जाता मांत्रिक म्हणाला, “ती तार ताणली जात नाही, तोवर तुझ्या राज्यात काहीच ताणलेलं राहणार नाही.”

रेवणा सुताराच्या गावची विहीर तीस परस खोल. पोहरा अर्ध्यात आला की दोर सुटे आणि पोहरा तळाशी जाई. गाव डबक्याचे पाणी गाळून पिऊ लागले. डबकेही आटत चालले, तेव्हा रेवणा राजाकडे गेला आणि खुंटी करून देतो म्हणाला. राजाने डबी उघडून दाखवली. हुबेहूब अशीच हवी, आणि वीणेला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, असे बजावले.

कोणते लाकूड घ्यावे, हे रेवणाने रानातल्या सुतारपक्ष्याला विचारले. पक्ष्याने नागांच्या राईतला शिसव सांगितला. रेवणाने नागांना दूध देऊन तो आणला, खुंटी केली. राजाने स्वतः ती बसवली, तार पिळली. खुंटी गर्रकन उलटी फिरली. मग पक्ष्याने उलटी सावली पडणारा चंदन सांगितला. त्याची खुंटीही फिरली. मग उकळत्या झऱ्यात उभा असलेला खैर. रेवणाचे पाय पोळले, पण खुंटी फिरलीच.

चौथ्या वेळी पक्षी फांदीवरून खालीही उतरला नाही.

“धाकट्या, तीनदा आलास, तीनदा लाकूडच विचारलंस. आमच्या कुळात आधी भोक पाहतात.”

ते पाहू कोण देतंय, असे रेवणा पुटपुटला.

“मग गावाला सांग, डबकं चाटा,” पक्षी म्हणाला आणि कामाला लागला.

रेवणा राजापुढे उभा राहिला. वीणा पाहिल्याखेरीज मी पटाशी उचलणार नाही, एवढेच बोलला. शेवटी राजाने किल्ली काढली.

रेवणाने एका काडीला काजळ फासून ती वीणेच्या भोकात फिरवली. काजळ दोनच बाजूंना लागले.

“लाकूड सुकत राहतं, महाराज. सहा वर्षांत भोक लंबगोल झालंय. राणीसाहेबांची खुंटी सांधून आणली, तरी ती आता इथे धरणार नाही.”

मग काय करायचे, राजाने विचारले.

“भोक गोल तासावं लागेल. वीणेचं भाताच्या तुसाएवढं लाकूड जाईल.”

राजाने डबीकडे पाहिले. मग खाली बसून वीणा मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली.

“तास,” तो म्हणाला.

बारीक भुसा राजाच्या शेल्यावर पडत राहिला. त्याने तो झटकला नाही.

खैराचा तुकडा उरला होता. त्यातून रेवणाने जाड खुंटी केली. राहिली मूठ. मूठ वाजवणाऱ्याच्या बोटांना बेतायची, अशी सुतारांची रीत. कोणाच्या बोटांना बेतू, असे त्याने विचारले. राजाने स्वतःचा हात पुढे केला.

“मला वाजवता येत नाही.”

“खुंटीला ते कळत नाही, महाराज.”

राजाने खुंटी बसवली, पिळली. तार ताणली आणि ताणलेलीच राहिली. त्याने ती छेडली. सूर बेसूर होता, पण सूर होता.

त्याच क्षणी रेवणाच्या गावात भागुबाई नावाच्या म्हातारीचा पोहरा काठापर्यंत आला. तिला खरे वाटेना. दोर तिने दोनदा ओढून पाहिला, मग पोहऱ्यालाच तोंड लावले.

दुसऱ्या दिवशी मांत्रिक न बोलावता आला आणि राजासमोर बसला. पहिला धडा देताना तो एवढेच म्हणाला, की खांदे जरा सैल सोड.

राज्यातल्या गाठी गाठी राहिल्या, दोर दोर राहिले. तुमच्या-आमच्या दोरालाही असेच पाणी लागो.