दाजीसाहेबांच्या बोटीचं भोक

दाजीसाहेबांची फायबरची बोट खडकावर आपटून तिला हातभर भोक पडलं, तेव्हा सुकाणू खुद्द दाजीसाहेबांच्या हातात होतं. पण दाजीसाहेबांच्या हातून आजवर कधीच काही चुकलं नव्हतं. त्यामुळे धक्क्यावर उतरताच त्यांनी जाहीर केलं, "या बाबी तांडेलानं माझी बोट फोडली!"

"खडक! खडक!" असं ओरडून बोट चालवायला ठेवलेल्या बाबीचा घसा पार बसला होता. बिचाऱ्याला साधा खुलासाही करता येईना.

"आता दुरुस्तीही तुझी तूच करायची," दाजीसाहेब गरजले. "शहरातला कारागीर आणायचा नाही. चार दिवसांनी मी येईन. जोड माझ्या डोळ्याला दिसला किंवा बोटाला लागला, तर पुन्हा माझ्या बोटीवर पाय ठेवायचा नाही!"

बाबीचं घर त्या बोटीवरच चालत होतं. तो दाजीसाहेबांचे पाय धरायला वाकला. पण त्याची लेक शेवंती पुढे आली. तिने होड्यांच्या कारखान्यात तीन वर्षं काम केलं होतं.

"चार दिवसांनी येवा, साहेबानू. बोट तयार असतली!"

शेवंतीने भोकाच्या कडा ग्राइंडरने उतरत्या घासल्या. उडालेल्या फायबरच्या भुकटीने बापलेक दोन दिवस अंग खाजवत होते. मग फायबरची मॅट, त्यावर चिकट रेझिन, पुन्हा मॅट, असे थर चढवले आणि रोलर फिरवून एकेक बुडबुडा काढला. वरचा पांढरा लेप मात्र तीनदा खरवडावा लागला. दाजीसाहेबांची 'पांढरीशुभ्र' बोट उन्हाने कधीच पिवळी पडली होती! शेवटी लेपात चिमूटभर पिवळा रंग घातला, तेव्हा कुठे रंग जुळला.

चौथ्या दिवशी धक्क्यावर गाव जमलं. दाजीसाहेब चष्मा लावून बोटीच्या उजव्या बाजूला वाकले. हात फिरवला, नखाने टोकरलं, टिचक्या मारल्या, गाल टेकवून एक डोळा मिटून पाहिलं. छे!

"साहेबानू," शेवंती साळसूदपणे म्हणाली, "जरा डाव्या बाजूक बघा."

"डाव्या?" दाजीसाहेब उसळले. "मला शिकवतेस? अगं, मी सुकाणू उजवीकडे फिरवलं, म्हणून तर उजवी बाजू खडकावर आपटली!"

धक्क्यावरचं गाव एकमेकांकडे बघू लागलं.

शेवंतीने हात जोडले. "साहेबानू, भोक काय गावलां नाय. पण भोक पाडणारो गावलो!"

दाजीसाहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग मिशा थरथरल्या आणि ते पोट धरून हसू लागले. गावही हसलं, अर्थात त्यांच्यानंतर.

"बाबी, आजपासून सुकाणू तुझ्या हाती. मी मागितलं तरी द्यायचं नाही! आणि शेवंती, धक्क्यावरची माझी शेड तुला दिली. दुरुस्तीचा कारखाना काढ. पहिलं काम माझ्या दुसऱ्या बोटीचं." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तिचं भोकही माझंच आहे!"